फोटोला भुलू नका: ऑनलाइन लिलावात जुनी नाणी घेताना या चुका टाळा

रविवारची सकाळ, पोह्यांची पुडी सोडतोय तोवर फोन. "काका, होळकरांचा चांदीचा रुपया मिळाला, साडेआठशेत!" पोरगा आमच्याच इंदूरच्या सुदामानगरातला, इंजिनीअरिंगला आहे, नाण्यांचा छंद लागून चार महिने झालेत. मी विचारलं, "मिळाला की लिलाव जिंकलास?" तर म्हणे, एकच की. एकच नाही रे बाबा. सध्या तुझ्याकडे एक फोटो आहे, आणि त्या फोटोचे तू साडेआठशे मोजलेत.

होळकरी नाणी जमवतोय त्याला बावीस वर्षं झाली. आधी राजवाड्याच्या आसपासच्या ओळखीच्या दुकानदारांकडून घ्यायचो, गेली नऊ-दहा वर्षं ऑनलाइनही घेतो. माझ्याकडे बिस्किटांचा एक मोठा डबा आहे, त्यात फक्त खोटी नाणी. काही माझी, बरीचशी लोकांनी रडत आणून दिलेली. डबा भरत आला, चुका मात्र त्याच त्या. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी साधा हिशेब. जुना रुपया म्हणजे अकरा ग्रॅमच्या आसपास चांदी. बोली लावण्याआधी त्या दिवसाचा चांदीचा भाव बघा आणि गुणाकार करा. नुसत्या धातूची किंमत जर विकणाऱ्याच्या भावापेक्षा जास्त येत असेल, तर तो माणूस तुम्हाला दान करतोय का? सराफ्यात नुसतं वितळवायला दिलं तरी जास्त पैसे येतात, हे त्याला कळत नाही असं समजणारे लोक मला दर महिन्याला भेटतात.

एकच फोटो बघून बोली लावणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. माझीही झालेली आहे, म्हणून जरा सविस्तर.

इंदूरचा जुना रुपया यंत्रातून निघालेला नाही. त्यावर टांकसाळीचं नाव मल्हारनगर, फारसी मजकुरात बादशहा शाह आलमचं नाव, आणि होळकरांची खूण म्हणजे सूर्याचा चेहरा. महेश्वरचा असेल तर शिवलिंग आणि बेलपान. चांदीची चकती डायवर, म्हणजे उलटं चित्र कोरलेल्या ठशावर, ठेवायची, वर दुसरी डाय, आणि घण. त्यामुळे प्रत्येक नाणं वेगळं. कुठे सूर्याचा अर्धा चेहरा चकतीबाहेर गेलेला, कुठे काठाला चीर पडलेली. वर पुन्हा सराफांनी चांदी पारखायला मारलेल्या छोट्या छापा, त्या तर जिथे हात पडला तिथे. एकाच डायखालून निघालेली दोन नाणी सुद्धा हुबेहूब सारखी नसतात.

२०१७ साली मी असा एक रुपया लिलावात घेतला, सव्वीसशेला. सूर्य छान उठलेला, त्याच्या डाव्या गालावर सराफाची चंद्रकोरीसारखी छाप, आणि घड्याळात चार वाजतात त्या जागी काठाला बारीक चीर. मला ती छापच आवडली होती. कुणीतरी दोनशे वर्षांपूर्वी हे नाणं हातात घेऊन पारखलंय, असं वाटून मी खुशीत. घरी आल्यावर वजनही केलं नाही. अल्बममध्ये पहिल्या पानावर लावलं.

तीन महिन्यांनी राजेंद्रनगरला एका मित्राकडे गेलो. तो म्हणाला, थांब, तुला एक गंमत दाखवतो. डबीतून रुपया काढला. डाव्या गालावर चंद्रकोर. चार वाजताची चीर. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी माझा घेऊन गेलो आणि दोन्ही शेजारी ठेवले. चहा आला, गार झाला, कुणी घेतला नाही. चीर एकवेळ योगायोगाने सारखी पडेल, पण सराफाची छाप त्याच गालावर, त्याच तिरकेपणाने?

कुणीतरी एक खरं नाणं घेऊन त्याचा साचा काढला होता आणि त्यात ओतून ही पिल्लं तयार केली होती. भिंगाखाली बघितलं तर सूर्याच्या किरणांच्या मधल्या जागेत रव्यासारखे बारीक फुगवटे. खऱ्या नाण्यात घणाखाली धातू दबून बाहेरच्या बाजूला सरकतो, त्याच्या बारीक रेघा दिसतात. ओतीव नाण्यात अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या मऊ असतात. काठावर कानस फिरवल्याच्या खुणा, कारण साच्याचा जोड तिथेच येतो. वजन माझ्याचं १०.३८ ग्रॅम, त्याच्याचं १०.६१. विकणाऱ्याचं खातं तोवर बंद झालेलं. महिनाभराने तोच फोटो दुसऱ्या नावाने पुन्हा लिलावात.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. आवडलेल्या प्रत्येक नाण्याचा फोटो, घेवो न घेवो, कॉम्प्युटरवर एका फोल्डरात ठेवतो. खोट्या नाण्यांसाठी वेगळं फोल्डर, त्यात क्रमांक टाकून. बोली लावण्याआधी फोटो इमेज सर्चमध्ये टाकतो, मग जुने संपलेले लिलाव चाळतो. तीच चीर, तीच छाप दुसऱ्या नाण्यावर दिसली की विषय संपला. पुष्कळदा फोटोच चोरलेला असतो, मोठ्या लिलावगृहाच्या कॅटलॉगमधून उचललेला. यात तासभर जातो. ज्यांना तासभर जड जातो त्यांनी पोस्टाची तिकिटं जमवावीत, असं म्हणणार होतो, पण तिथेही तेच आहे.

विकणाऱ्याला एक मेसेजही टाकतो: नाण्याशेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो पाठवा, आणि एक फोटो काठाचा. ज्याच्या हातात नाणं आहे त्याला दोन मिनिटांचं काम. ज्याच्याकडे नाही त्याचा कॅमेरा त्याच दिवशी बिघडतो.

वजनकाटा न घेणं

०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा जेल रोडला कुठेही मिळतो, एका खोट्या नाण्यापेक्षा स्वस्त. इंग्रजांच्या काळातला यंत्रावर पाडलेला रुपया ११.६६ ग्रॅमचा. झिजलेला थोडा कमी भरेल, पण साडेदहा नाही. लोहचुंबकाला चिकटला तर बोलायलाच नको. पण चुंबकाला चिकटला नाही म्हणून चांदीचा, हे मात्र डोक्यातून काढा. तांबं, पितळ, जर्मन सिल्व्हर (नावातच सिल्व्हर, आत चांदी नाही) यांपैकी काहीच चिकटत नाही.

त्यापुढची परीक्षा स्वयंपाकघरात होते. काट्यावर पाण्याची वाटी ठेवा, आकडा शून्य करा. नाणं शिवणाच्या दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आता काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या वजनाला भागा. १९३९ पर्यंतच्या इंग्रजी रुपयात ९१.७ टक्के चांदी, त्याचं उत्तर १०.३ च्या आसपास येतं. साडेआठ-पावणेनऊ आलं तर तुमच्या हातात चांदी नाही. बायको म्हणते, वाट्या वेगळ्या ठेवा. ठेवल्यात.

१९३९ वरून आठवलं: सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया दुर्मिळ, म्हणून १९३८ च्या आठाचा नऊ करून विकतात. शेवटचा आकडा भिंगातून बघा, त्याच्याभोवतीची जमीन खरवडलेली दिसते.

परतीची मुदत विकणाऱ्याच्या गोड बोलण्यात घालवणं

दुसरी लाडकी चूक. यात फसणारा माणूस मूर्ख नसतो, सभ्य असतो, आणि तेच वाईट वाटतं.

माझा एक भाचा बँकेत आहे, म्हणजे व्यवहार कळत नाही असं म्हणायची सोय नाही. त्याने यशवंतराव होळकर पहिल्यांचा संस्कृत मजकुराचा रुपया घेतला. शके १७२८ चा, म्हणजे इसवी सन १८०६. हा रुपया इतका दुर्मिळ की खरा लिलावात आला तर लोक फोन करून एकमेकांना सांगतात, आणि खोटा रोज कुठे ना कुठे दिसतो. नाणं आलं, भाच्याला शंका आली, मला दाखवलं. मी डब्यातले त्याचे दोन भाऊ काढून दाखवले. त्याने विकणाऱ्याला मेसेज केला. उत्तर लगेच, अतिशय नम्र: "सर आप टेंशन मत लो, पूरा पैसा वापस करूँगा. अभी गाँव आया हूँ, मंगलवार को लौटते ही." मंगळवारी त्याच्या घरी कुणीतरी आजारी. मग, "सर रिटर्न की रिक्वेस्ट मत डालना, मेरी रेटिंग ख़राब होगी, मैं सीधे यूपीआई कर दूँगा." भाचा म्हणाला, मामा, बिचारा अडचणीत आहे, कशाला त्याचं नुकसान करायचं. परतीची मुदत दहा दिवस. अकराव्या दिवशी बिचाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. साइटने कळवलं, मुदत संपली आहे, आम्ही काही करू शकत नाही.

माझा नियम: पार्सल आलं त्या दिवशीच कॅलेंडरवर मुदतीच्या तारखेला लाल गोल. शंका आली की आधी साइटवर परतीची नोंद, मग गोड बोलणं. खरा विकणारा नोंदीला घाबरत नाही, पैसे आले की नोंद बंद करता येते. आणि पार्सल उघडताना व्हिडिओ: आधी पत्ता आणि सीलबंद पाकीट, मग न थांबता कापणं, नाणं बाहेर, लगेच काट्यावर. मध्ये कट नको. "छान पॅकिंग, झटपट डिलिव्हरी" म्हणून पाच तारे देण्याची घाई तर मला कळतच नाही. नाणं खरं की खोटं हे कळायच्या आधी कसले तारे?

बाकीच्या, थोडक्यात

साइटबाहेर पैसे देणं. "कमिशन वाचेल, दोनशे कमी करतो" असं कुणी म्हटलं की तिथेच थांबा. कमिशनबरोबर तुमची तक्रारीची जागाही जाते. पैसे परत करतो म्हणून क्यूआर कोड पाठवला तर स्कॅन करू नका. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

पुन्हापुन्हा बोली वाढवणं. समोर नवं कोरं खातं, फक्त याच विकणाऱ्याच्या लिलावात बोली लावणारं, दर वेळी पन्नास रुपयांनी तुम्हाला चढवतंय. तो त्याचाच माणूस. लिलाव संपल्यावर "जिंकणारा मागे हटला, तुम्हाला तुमच्या बोलीला देतो" असा निरोप आला तर खात्रीच समजा. मी माझी रक्कम आधी वहीत लिहितो, शेवटच्या मिनिटाला एकदाच टाकतो, आणि हरलो तर झोपतो.

ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं रामदरबाराचं किंवा हनुमानाचं नाणं. कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही. आजोबांकडून आलेलं असलं तरी नाही.

प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीतलं, प्रमाणपत्राचा क्रमांक असलेलं नाणं. क्रमांक प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीच्या साइटवर टाका आणि तिथला फोटो ताडून बघा. खऱ्या नाण्याचा क्रमांक खोट्या डबीवर छापायला कितीसा वेळ लागतो?

वर्णन न वाचणं. शीर्षकात "दुर्मिळ होळकर रुपया", खाली आठव्या ओळीत बारीक अक्षरात "रेप्लिका", म्हणजे नक्कल. मग भांडायला जागा नाही.

उलटी फसवणूकही आहे, आणि त्यात वयस्कर माणसं सापडतात: तुमच्याकडची ट्रॅक्टरवाली पाचची नोट, वैष्णोदेवीचं नाणं आम्ही लाखांत घेतो, आधी फक्त नोंदणी फी भरा. कधी रिझर्व्ह बँकेचं नाव आणि शिक्काही असतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि असलं कुठलंही शुल्क घेत नाही.

पैसे गेलेच तर लाज वाटून दोन दिवस गप्प बसू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, लगेच, कारण रक्कम पुढच्या खात्यातून निघून जायच्या आत कळलं तरच ती अडवता येते. मग सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार, सगळ्या मेसेजच्या स्क्रीनशॉटसह. विकणाऱ्याला आधी धमक्या देऊ नका. तो चॅट पुसतो आणि तुमच्या हातात काही उरत नाही.

आता त्या पोराचं. त्याला म्हटलं होतं, पार्सल न उघडता इकडे घेऊन ये. गुरुवारी आला. मी मोबाइल धरला, त्याने कात्री चालवली. नाणं बाहेर आलं तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता, इतका खूश. काट्यावर ९.७२. वाटीत बुडवलं, १.१२. भागाकार त्यालाच करायला लावला: ८.६८. तो म्हणाला, "पण काका, दिसतंय किती छान!" दिसतंय खरं. साइटवर परतीची नोंद टाकून पाच मिनिटं झाली नसतील, त्याचा फोन वाजला: "सर रिटर्न कैंसल कर दो, दूसरा ओरिजिनल पीस भेजता हूँ." पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मी माझ्या भाच्याची गोष्ट परत सांगितली नाही, नुसता फोन उलटा करून टेबलावर ठेवायला सांगितलं. नाणं पाकिटात परत घालण्याआधी दोन्ही बाजूंचे आणि काठाचे फोटो काढले आणि फोल्डरात टाकले. क्रमांक १४३.