उन्हाळ्यात अल्ट्रासोनिक तपासणी करताय? ब्लॉकही उन्हात ठेवा

वैशाखात भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या आसपास जातो. यार्डात उघड्यावर पडलेला पाइप तर हात लावू देत नाही. अशा वेळी एसी केबिनमध्ये अल्ट्रासोनिक मशीन कॅलिब्रेट करून, म्हणजे माहीत असलेल्या मापावर जुळवून, थेट त्या पाइपवर प्रोब (ध्वनिलहरी सोडणारा-पकडणारा भाग) टेकवू नका. कॅलिब्रेशन ब्लॉक (ज्यावर मशीन जुळवतात तो ठरावीक मापाचा धातूचा तुकडा) आधी तास-दीड तास जॉबशेजारीच, म्हणजे तपासायच्या वस्तूजवळ, ठेवा, प्रोबही तिथेच असू द्या, आणि मग कॅलिब्रेट करा.

स्टीलमधून ध्वनिलहरी सेकंदाला साधारण 5,900 मीटर वेगाने जातात. धातू तापला की वेग घटतो, आणि जाडी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. तापमानातल्या 55 अंश सेल्सिअसच्या फरकाला सुमारे 1 टक्का. जाडी मोजताना हे एक वेळ चालून जाईल, पण गंजून पातळ झालेल्या पाइपची चूक नेमकी धोक्याच्या बाजूला जाते.

खरी गोम अँगल प्रोबमध्ये, म्हणजे तिरप्या लहरी सोडणाऱ्या प्रोबमध्ये आहे. त्याच्या पर्स्पेक्सच्या (अॅक्रिलिक प्लास्टिकच्या) वेजमध्ये, म्हणजे पाचरीत, लहरींचा वेग उष्णतेने स्टीलपेक्षा खूपच जास्त बदलतो. वेज तापला की स्टीलमध्ये शिरणाऱ्या लहरीचा कोन वाढतो. 45 अंशांच्या प्रोबला कमी, 70 च्या प्रोबला जास्त. वेल्डमधला दोष मग भलत्याच जागी दिसतो. म्हणून कोनही तापलेल्या ब्लॉकवरच तपासा.

प्रोब आणि धातू यांच्यात हवा राहू नये म्हणून लावलेलं पाण्याचं जेल उन्हात भराभर वाळतं. प्रतिध्वनी खाली आला की लगेच गेन (मशीनवर सिग्नल मोठा करण्याची पातळी) वाढवू नका, आधी जेल पुन्हा लावून बघा. ग्रीस जास्त टिकतं, पुसायला मात्र वैताग.

आणि जॉब अॅल्युमिनियमचा असेल, तर ब्लॉकही अॅल्युमिनियमचाच घ्या.