सर्व्हरवरचे ब्रूट फोर्स लॉगिन हल्ले कसे रोखावेत

नवा सर्व्हर इंटरनेटवर आला की थोड्याच वेळात त्याच्या लॉगमध्ये अनोळखी पत्त्यांवरून लॉगिनचे प्रयत्न दिसू लागतात. तुमच्यावरच कुणाचा डोळा आहे असं नाही. बॉट आयपी पत्ते चाळत फिरत असतात आणि २२ नंबरचं पोर्ट (एसएसएचचं नेहमीचं दार) उघडं सापडलं की एकामागून एक नावं-पासवर्ड घालून बघतात. हाच ब्रूट फोर्स हल्ला. इथे लिनक्स सर्व्हर आणि एसएसएच (दुरून सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन करायची सोय) धरून लिहिलं आहे. सगळ्यात मोठा फरक पडतो तो पासवर्डने लॉगिन पूर्ण बंद केल्याने. बाकीचे उपाय त्याच्या जोडीला आहेत, त्याच्या जागी नाहीत.

आधी लॉग वाचा

डेबियन-उबुंटूवर या नोंदी सहसा ‘ऑथ डॉट लॉग’ फाइलमध्ये असतात, रेड हॅट घराण्यात ‘सिक्युअर’ नावाच्या फाइलमध्ये. दोन्ही ‘व्हार’मधल्या ‘लॉग’ फोल्डरात. काही नव्या सिस्टीमवर फाइल सापडत नाही, तिथे ‘जर्नल-सीटीएल’ या कमांडने नोंदी वाचा.

‘फेल्ड पासवर्ड फॉर इनव्हॅलिड यूजर टेस्ट’ अशा ओळींची रांगच्या रांग दिसेल. ‘इनव्हॅलिड यूजर’ म्हणजे त्या नावाचं खातं तुमच्याकडे नाहीच, त्यामुळे त्या ओळींवर झोप उडवून घेऊ नका. शोधायची ती ‘ॲक्सेप्टेड’ने सुरू होणारी ओळ. त्यात तुमचा नसलेला पत्ता किंवा तुम्ही झोपेत होतात ती वेळ दिसली, तर पुढचं काही करत बसू नका. तो सर्व्हर नेटवर्कवरून काढा, नवा उभा करा आणि घुसखोरीच्या आधीच्या बॅकअपवरून डेटा आणा. आत कोण काय ठेवून गेलंय हे नंतर खात्रीने सांगता येत नाही.

की-पेअर बनवा

की-पेअर म्हणजे पासवर्डच्या जागी वापरायची दोन फाइलींची जोडी: पब्लिक की सर्व्हरवर राहते, प्रायव्हेट की फक्त तुमच्याकडे. स्वतःच्या संगणकावर (सर्व्हरवर नव्हे) ‘एसएसएच-कीजेन’ चालवा, प्रकार ‘ईडी२५५१९’ निवडा आणि पासफ्रेज (प्रायव्हेट कीला लावलेला पासवर्ड) नक्की द्या. लॅपटॉप चोरीला गेला तर तेवढाच अडसर उरतो. मग ‘एसएसएच-कॉपी-आयडी’ने पब्लिक की सर्व्हरवर पाठवा. प्रायव्हेट की कुठेही पाठवायची नाही, अगदी स्वतःला मेलनेसुद्धा.

तरीही सर्व्हर पासवर्ड मागत राहिला तर परवानग्या तपासा. सर्व्हरवरच्या एसएसएच फोल्डरला ७००, ‘ऑथराइज्ड कीज’ फाइलला ६००, म्हणजे दोन्ही फक्त मालकालाच उघडता येतील. होम फोल्डरात इतरांना लिहिता येत असेल तरी एसएसएच ती की नाकारतं, आणि नाकारताना तुमच्या स्क्रीनवर कारणही सांगत नाही. ते सर्व्हरच्या लॉगमध्ये मिळतं.

दुसऱ्या संगणकावरही एक की-पेअर बनवून ठेवा. होस्टिंग कंपनीच्या पॅनलमधला कन्सोल (एसएसएचशिवाय सर्व्हरवर जायची वाट) उघडतो का, तेही आत्ताच बघून घ्या.

पासवर्ड बंद करा

इथे घाई नडते. एक लॉगिन केलेली खिडकी उघडीच ठेवा. काही चुकलं तर तिथूनच दुरुस्त करता येईल.

एसएसएचच्या सर्व्हर सेटिंगमध्ये ‘पासवर्ड-ऑथेंटिकेशन’ आणि ‘केबीडी-इंटरॲक्टिव्ह-ऑथेंटिकेशन’ या दोन्हींना ‘नो’ द्या. दुसरी सेटिंग लोक विसरतात, आणि मग मागच्या दाराने पासवर्ड चालूच राहू शकतो.

अजून एक गोम आहे. एसएसएच सर्व्हर एखाद्या सेटिंगची पहिल्यांदा वाचलेली किंमत धरतो, नंतरची नाही. उबुंटूच्या क्लाउड सर्व्हरवर मुख्य फाइलच्या वरच्या भागातच एका जोड-फोल्डरातल्या फाइली वाचल्या जातात, आणि त्यात ‘५०-क्लाउड-इनिट’ नावाची फाइल असू शकते जी पासवर्ड चालू ठेवते. खाली मुख्य फाइलमध्ये तुम्ही कितीही ‘नो’ लिहा, उपयोग शून्य. त्या फोल्डरात ‘००’ने सुरू होणारी स्वतःची फाइल ठेवा, म्हणजे ती आधी वाचली जाईल.

मग ‘एसएसएचडी’ला छोट्या ‘टी’चा पर्याय देऊन फाइलमध्ये चूक नाही ना ते बघा, सर्व्हिस रीलोड करा आणि मोठ्या ‘टी’ने प्रत्यक्षात लागू झालेल्या सेटिंग वाचा. शेवटी नव्या खिडकीतून एकदा नेहमीसारखं लॉगिन करा आणि एकदा पब्लिक की वापरू नको असं सांगून. दुसऱ्या वेळी पासवर्ड न विचारता ‘परमिशन डिनाइड’ आलं, म्हणजे काम झालं. जुनी खिडकी आता बंद करायला हरकत नाही.

रूट

ओपनएसएसएचच्या ७.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, मूळ सेटिंगमध्ये रूटला (सगळे अधिकार असलेल्या खात्याला) पासवर्डने येता येत नाही. की असेल तर येता येतं. तेही बंद करा. आधी सुडो अधिकार (गरजेपुरती रूटसारखी कमांड चालवायची मुभा) असलेलं साधं खातं बनवा, त्यातून सुडो चालतंय हे बघा, मगच ‘परमिट-रूट-लॉगिन’ला ‘नो’ द्या.

फेल२बॅन आणि फायरवॉल

फेल२बॅन लॉग वाचतं आणि वारंवार चुकणाऱ्या पत्त्याला काही काळ अडवतं. मूळ सेटिंग साधारण अशी: १० मिनिटांत ५ चुका झाल्या की १० मिनिटं बंदी. बंदी निदान तासाभराची करा. बदल ‘जेल डॉट लोकल’मध्ये लिहा, कारण ‘जेल डॉट कॉन्फ’ अपडेटमध्ये बदलू शकते. डेबियन १२ वर फेल२बॅन सुरूच होत नसेल तर बॅकएंड (नोंदी कुठून वाचायच्या ती सेटिंग) ‘सिस्टमडी’ करा. तिथे ती जुनी लॉग फाइल मुळात नसते. तुमचा पत्ता स्थिर असेल तर तो ‘इग्नोर-आयपी’त घाला.

पण हजारो पत्त्यांवरून प्रत्येकी एक-दोन प्रयत्न झाले तर फेल२बॅनला काहीच दिसत नाही. म्हणूनच पासवर्ड आधी बंद करायचा.

याहून भक्कम उपाय म्हणजे फायरवॉलमध्ये ठरावीक पत्त्यांनाच एसएसएचची परवानगी देणं, किंवा एसएसएच वायरगार्डसारख्या व्हीपीएनच्या (खासगी नेटवर्कच्या) आत नेणं. नियम आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे आयपी पत्ते) लाही लावा. तिथे दार सताड उघडं राहिलेले सर्व्हर कमी नाहीत.

पोर्ट २२ बदलावं का? लॉगमधला कचरा कमी होतो, एवढंच. शोधणाऱ्याला नवं पोर्टही सापडतं. बदलणार असाल तर फायरवॉलमध्ये नवं पोर्ट आधी उघडा.

पासवर्ड ठेवावाच लागत असेल तर

तिथे ओटीपी ॲपची दुसरी पायरी जोडा आणि कुठल्या खात्यांना येता येईल त्यांची यादी ‘अलाउ-यूजर्स’मध्ये द्या. यादीत स्वतःचं नाव आधी घाला.

एवढं करून फक्त एसएसएचचं दार बंद होतं. मेल सर्व्हर, वेबसाइटचं ॲडमिन पान आणि डेटाबेस यांवरही हाच मारा होतो. मेलसाठी फेल२बॅनमध्ये तयार नियम आहेत, ते चालू करा. डेटाबेसला बाहेरून कुणी यायचं नसेल तर तो १२७.०.०.१ (म्हणजे सर्व्हरचा स्वतःचा आतला पत्ता) याच पत्त्यावर ऐकता ठेवा. कुठली सर्व्हिस कुठल्या पोर्टवर ऐकतेय याची यादी ‘एसएस’ ही कमांड देते. त्यात अनोळखी काही दिसलं तर आधी ते काय आहे ते शोधा, आणि नको असेल तर बंद करा.