सोयाबीन उगवलं नाही? बियाण्याच्या या चुका टाळा

2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या. खापर फुटलं ते जूनमध्ये विकलेल्या पिशवीवर. पण आदल्या वर्षी परतीच्या पावसात काढणीला आलेल्या शेंगा भिजल्या होत्या, आणि बऱ्याच बियाण्याचा दम तिथंच गेला होता.

सोयाबीनचं साल पातळ, अंकुर सालाला लागूनच. मार बसला की उगवण गेली, आणि वरून दाणा ठणठणीत दिसतो. त्यामुळे बियाण्याच्या प्लॉटची मळणी विक्रीच्या मालासारखी धडाधड उरकू नका. दाण्यात ओलावा 14 टक्के असेल तर मळणी यंत्राच्या ड्रमचे फेरे मिनिटाला 400 ते 500, 13 टक्के असेल तर 300 ते 400 ठेवा. मळणीवाल्याला पुढचं शेत गाठायचं असतं, तेव्हा स्वतः यंत्राशी उभं राहिलेलं बरं. पुढे पोती आपटू नका, थप्पी सात फुटांच्या वर नेऊ नका.

सगळ्यात महागात पडते ती उगवण न तपासता पेरायची सवय. मे महिन्यातच पोत्यातून सरसकट 100 दाणे घ्या. टपोरे निवडून घेतले तर फसवणूक आपलीच. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट टाका, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. सातव्या दिवशी फक्त निरोगी, सरळ कोंब मोजा. 70 किंवा जास्त भरले तर एकरी 30 किलो पुरतं. 60 भरले तर 35 किलो लागेल. त्याहून कमी भरले तर तो माल सरळ बाजारात घाला.

दरवर्षी नवी पिशवी घ्यायलाच हवी, हाही गैरसमज. सोयाबीन स्वपरागीभवन होणारं, म्हणजे स्वतःच्याच परागावर दाणे धरणारं पीक आहे; एकदा प्रमाणित, म्हणजे निळ्या टॅगचं बियाणं आणलं की त्याचं घरचं बियाणं पुढची दोन वर्षं चालतं. विकतची पिशवी मात्र खालून फोडा, म्हणजे वरची शिलाई आणि टॅग शाबूत राहतात. पावती आणि मूठभर बियाणंही जपा. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करायची वेळ आली तर पुरावा हाच.

बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम हे जिवाणू खत. क्रम उलटला तर जिवाणू मरतात.

एवढं करूनही पेरणीचं तास (ओळ) रिकामं दिसलं तर दुकान गाठण्याआधी खुरप्यानं माती उकरा. दाणा कोरडाच असेल तर ओल कमी पडली. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होण्याआधीच पेरणी झाली असणार. कोंब वाकडा होऊन मातीखाली अडकला असेल तर बी 3-4 सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं, नाहीतर वर पपडी धरली. दाणाच सापडत नसेल तर पाखरं. आणि फुगून कुजलेला निघाला तर बियाणंच कमजोर असल्याची शंका घ्या. मग त्याच लॉटचं उरलेलं पोतं गोणपाटावर तपासल्याशिवाय दुबार पेरणीला काढू नका.