लाइटरूममध्ये फोटो लावताय? या चुका टाळा

लॅपटॉपवर जागा उरली नव्हती म्हणून मी वारीच्या फोटोंचं अख्खं फोल्डर विंडोजच्या एक्सप्लोररमधून उचललं आणि बाहेरच्या डिस्कवर टाकलं. फोटो लावायचं आणि सुधारायचं अ‍ॅडोबीचं सॉफ्टवेअर, लाइटरूम क्लासिक, उघडतो तर फोल्डरवर प्रश्नचिन्ह, फोटोंवर उद्गारचिन्ह. पोटात गोळाच आला. खरं तर फोटो जागच्या जागी होते. कॅटलॉगकडे, म्हणजे लाइटरूमच्या नोंदवहीकडे, फक्त जुना पत्ता होता. मी घाबरून सगळं पुन्हा इम्पोर्ट केलं, आणि तिथेच फसलो. तेच फोटो दुसऱ्यांदा आले आणि कलेक्शन, म्हणजे लाइटरूममध्ये केलेले फोटोंचे गट, मात्र जुन्या, फोटो हरवलेल्या नोंदींनाच चिकटून राहिली. फोल्डरवर राइट क्लिक करून 'फाइंड मिसिंग फोल्डर'ने नवी जागा दाखवली असती, तर दोन मिनिटांत काम झालं असतं. आता फोल्डर हलवायचं तर लाइटरूमच्या फोल्डर पॅनलमधूनच ओढतो.

कीवर्ड (फोटो शोधायला लावलेले शब्द) आणि रंगांची लेबलही आधी कॅटलॉगमध्येच असतात. कंट्रोल-एस दाबलं की ती जेपेग आणि डीएनजी (अ‍ॅडोबीचा रॉ प्रकार) फाइलच्या पोटात, तर कॅमेऱ्याच्या रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या फाइलसाठी शेजारच्या एक्सएमपी नावाच्या छोट्या माहिती-फाइलमध्ये लिहिली जातात. कलेक्शन मात्र कधीच फाइलमध्ये जात नाही. कॅटलॉग गेला की कलेक्शन गेली. लाइटरूम बंद करताना बॅकअपचं विचारतं ना, तो बॅकअप फक्त कॅटलॉगचा असतो, फोटोंचा नाही. शिवाय मुळात तो कॅटलॉगच्याच शेजारी, त्याच डिस्कवर पडतो. जागा बदलून घ्या.

कीवर्डमध्ये आपण मराठी माणसं जरा जास्तच गोंधळ घालतो. माझ्याकडे 'पंढरपूर' होतं, घाईत टाइप केलेलं 'पंढरपुर' होतं आणि रोमन लिपीतलं तिसरंही. एकाखाली शोधलं की बाकीचे फोटो गायब. मग वाटलं, एक कीवर्ड दुसऱ्यावर ओढला की दोन्ही एक होतील. छे! तो त्याच्या पोटातला उपकीवर्ड झाला. चुकीच्या कीवर्डचे सगळे फोटो ग्रिडमध्ये निवडा, बरोबर कीवर्डवर टिक करा आणि मगच चुकीचा काढून टाका. रोमन स्पेलिंग बरोबर कीवर्डच्या 'सिनॉनिम्स' (समानार्थी शब्द) रकान्यात राहू द्या.

रंगांचं कोडं वेगळंच. लाइटरूममध्ये लाल लेबल लावलेला फोटो ब्रिजमध्ये, म्हणजे अ‍ॅडोबीच्याच फाइल बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पांढऱ्या लेबलचा दिसतो, कारण फाइलमध्ये रंग नसतो, त्याचं नाव असतं. लाइटरूम 'रेड' लिहितं, ब्रिज लालला 'सिलेक्ट' म्हणतो. मेटाडेटा मेनूतल्या 'कलर लेबल सेट'मध्ये 'ब्रिज डीफॉल्ट' निवडलं की दोघांची भाषा जुळते. मात्र आधी 'रेड' लावलेले फोटो आपोआप बदलत नाहीत, त्यांना लेबल पुन्हा द्यावं लागतं.