थॉथ टॅरो शिकताना या चुका टाळा

थॉथ टॅरोचे, म्हणजे भविष्य बघायच्या चित्रपत्त्यांच्या एका संचाचे, पत्ते हातात पडले की आठवड्याभरात प्रश्न येतो, "ताई, आता मी लोकांचे पत्ते बघू का?" जळगावात माझ्याकडे शिकायला भुसावळहून, अमळनेरहून, अगदी साक्री-शिरपूरहूनही मंडळी येतात. वयं वेगळी, शिक्षण वेगळं, चुका मात्र त्याच. लेडी फ्रीडा हॅरिस या चित्रकर्तीने अ‍ॅलिस्टर क्रोली या इंग्रज गूढविद्येच्या अभ्यासकाबरोबर १९३८ ते १९४३ या काळात हे ७८ पत्ते रंगवले, त्यातले काही तर पुन्हा पुन्हा रंगवले. एवढं काम आठ दिवसांत उरकून टाकायची घाई कशासाठी, हे मला खरंच समजत नाही.

पत्त्याला पंचांग लावू नका

आपल्याकडे ही चूक जरा जास्तच होते, आणि त्याला कारण आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून मठ काढला होता. तिथल्या शिलालेखात तशी नोंद आहे. ग्रहगणिताची ओढ या मातीत जुनी. घरात नाही तर शेजारी, कोणीतरी पत्रिका बघणारं असतंच. त्यामुळे थॉथच्या छोट्या पत्त्यांवर ग्रहाचं आणि राशीचं चिन्ह दिसलं की शिकणाऱ्याला वाटतं, अरे, हे तर आपल्याला येतं!

नाही येत. दोनपासून दहापर्यंतचे चारही रंगांचे (वाँड्स, कप्स, स्वोर्ड्स, डिस्क्स) मिळून ३६ पत्ते म्हणजे राशिचक्राचे दहा-दहा अंशांचे ३६ भाग. आपल्या ज्योतिषातही राशीचे तीन द्रेष्काण करतात, पण त्यांचे स्वामी निराळ्या हिशोबाने ठरतात. तूळ रास घ्या. आपल्याकडे शुक्र, शनी, बुध. थॉथमध्ये चंद्र, शनी, गुरू. मधला शनी दोन्हीकडे जुळतो आणि माणूस नेमका तिथेच फसतो. शिवाय थॉथची राशिगणना सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेली, आपलं पंचांग निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून मोजलेलं, आणि दोन्हींत सध्या सुमारे २४ अंशांचं अंतर आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जन्मलेल्याचा सूर्य थॉथच्या हिशोबाने तुळेत असतो, आपल्या पंचांगात तो अजून कन्येतच असतो.

यातून काय होतं ते सांगते. पत्रिकेचा चांगला अभ्यास असलेला एक तरुण माझ्याकडे येत होता. डोकं तल्लख, पण वाट बघणं ठाऊक नाही. महिनाभर झाला नसेल तोच त्याने पारोळ्याकडच्या आपल्या मामांचे पत्ते काढले. मामांचा भावांशी विहिरीवरून आणि कापसाच्या रानाच्या वाटणीवरून वाद चाललेला. थोरल्या भावाने निरोप धाडला होता की कोर्टकचेरी नको, घरात बसून मिटवू. मामांनी भाच्याला एवढंच विचारलं, "मनं काम व्हई का नई, तेवढं सांग."

तीन पत्ते पडले. टू ऑफ डिस्क्स, मध्ये थ्री ऑफ स्वोर्ड्स, उजवीकडे फोर ऑफ स्वोर्ड्स. मधल्या पत्त्यावर तुळेतला शनी. आपल्या ज्योतिषात शनी तुळेत उच्चीचा, त्यात तूळ म्हणजे तराजू, न्याय. भाच्याने लगेच सांगितलं, मामा, न्याय तुमच्या बाजूने आहे, ताणून धरा. उजव्या पत्त्यावर तुळेतला गुरू. गुरूला तूळ शत्रुराशी, म्हणून तो पत्ता त्याने कच्चा ठरवून सोडून दिला.

आता ते पत्ते नुसते बघा. थ्री ऑफ स्वोर्ड्समध्ये मागे काळंकुट्ट वादळ दाटलेलं आहे. खालून वर एक मोठी तलवार येते, दोन छोट्या वाकड्या तलवारी तिला भिडतात, आणि तिघींच्या माऱ्यात सापडलेल्या गुलाबाच्या पाकळ्या गळताहेत. खाली ‘सॉरो’ छापलेलं आहे. फोर ऑफ स्वोर्ड्समध्ये चार कोपऱ्यांतून चार तलवारी येतात आणि त्यांची टोकं मधल्या एकाच मोठ्या फुलात विसावतात. खाली ‘ट्रूस’. म्हणजे तह. भावाचा निरोप पत्त्यात जसाच्या तसा पडला होता आणि या गड्याने नेमका तोच बाजूला सारला. दुःखाचा पत्ता शुभ ठरवला, तहाचा अशुभ.

मामा बैठकीला गेले ते ताठूनच. बोलणी फिसकटली, भावाभावांतलं बोलणं बंद झालं, आणि त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, या मुलाची आई माहेरी जाऊ शकली नाही. खानदेशात आखाजीला लेकीने माहेरी न जाणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. जमिनीचा वाद, कोर्ट, आजारपण यांचा निर्णय पत्त्यांवर टाकूच नये असं माझं ठाम मत आहे. आणि शिकाऊ माणसाने तर अशा प्रश्नाला हातही लावू नये.

शनी उच्चीचा आहे ही गोष्ट खोटी नव्हती. पण ग्रह बलवान असला म्हणजे तो गोड बोलेल असं नाही, तो स्वतःचंच पुरेपूर बोलेल. त्यात हा तीनचा पत्ता. क्रोलीची सगळी रचना कबाला या यहुदी गूढविद्येतल्या दहा स्थानांच्या जीवनवृक्षावर बसवलेली आहे. त्यातलं तिसरं स्थान बीना, आणि बीनाचा ग्रहही शनीच. तलवारींच्या रंगात शनीचं वजन असं दुहेरी पडतं. हा आकडा त्याने पाहिलाच नाही.

म्हणून मी नव्या माणसाला ग्रह-राशीच्या चिन्हांवर अंगठा ठेवायला लावते. आधी चित्र सांग. रंग कोणते, पाती कुठे वळलीत, फूल शाबूत आहे की फाटलंय. मग खालचं नाव. मग आकडा. सगळ्यात शेवटी अंगठा काढायचा. हा क्रम कुठल्या ग्रंथात दिलेला नाही, माझ्या सवयीचा आहे, पण याने पत्रिकावाले ताळ्यावर येतात हे मी पाहिलंय.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अर्थांच्या पीडीएफ

‘७८ पत्त्यांचे अर्थ’ नावाची फाइल प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असते. ती बहुतेक वेळा रायडर-वेट पत्त्यांची असते, जे १९०९ साली पामेला कोलमन स्मिथने काढले. सुंदर पत्ते आहेत, मीही वापरते. पण ते अर्थ थॉथला जसेच्या तसे लागू होत नाहीत. त्या संचात सिक्स ऑफ स्वोर्ड्सवर होडी आहे, नावाडी आहे, पलीकडे निघालेली माणसं आहेत. थॉथमध्ये त्याच पत्त्याचं नाव ‘सायन्स’. सहा तलवारींची टोकं मधल्या गुलाबाच्या क्रूसाकडे वळलेली, सगळं मोजून-मापून बसवलेलं. एमएस्सीच्या परीक्षेचं विचारायला आलेल्या मुलीला एकीने फाइल वाचून सांगितलं, "तुझा गाव सोडायचा योग आहे." पोरगी रडत घरी गेली. पत्ता अभ्यासाचा होता!

राजघराण्याच्या पत्त्यांतही हाच घोळ. थॉथमध्ये किंग नाही. नाइट, क्वीन, प्रिन्स, प्रिन्सेस असे चौघे. घोड्यावरचा नाइट इथे घरातला कर्ता पुरुष आहे, रायडर-वेटमधला उनाड तरुण नव्हे. रथातला तो प्रिन्स. वडिलांच्या जागी धाकटा भाऊ वाचला तर पुढचं सगळं वाचन वाकडं जातं, मग दोष पत्त्यांना!

या फायली मोबाइलमधून काढून टाका असं मी सांगते. लोक ऐकत नाहीत, नुसतं फोल्डरचं नाव बदलतात.

उलटा पत्ता

थॉथमध्ये उलट्या पत्त्याचा वेगळा अर्थ लावत नाहीत. पत्ता सरळ करा आणि शेजारी कोण बसलंय ते बघा. वाँड्स अग्नी, कप्स जल, स्वोर्ड्स वायू, डिस्क्स पृथ्वी. अग्नी आणि जल एकमेकांचं बळ कमी करतात, वायू आणि पृथ्वीही तसेच. बाकीच्या जोड्यांचं बरं जमतं, आणि एकाच रंगाचे दोन पत्ते शेजारी आले तर दोघांचा जोर वाढतो. वरच्या वाटणीच्या पत्त्यांत दोन तलवारी लागून होत्या, म्हणजे दुःख आणि तह हातात हात घालूनच बोलत होते. डिस्क्सचा पत्ता तलवारीला लागून आल्याने त्याचा आवाज दबलेला. एवढं पाठ करायला अर्धा तास लागतो, आणि लोक तेवढाही देत नाहीत.

आणखी काही

रंगांबाहेरच्या मोठ्या पत्त्यांत आठवा पत्ता अ‍ॅडजस्टमेंट आणि अकरावा लस्ट. रायडर-वेटमध्ये आठव्यावर स्ट्रेंग्थ, अकराव्यावर जस्टिस. आकडा पाहून अर्थ आठवू नका.

एम्पररवर ‘त्साद्दी’ आणि स्टारवर ‘हे’ ही हिब्रू अक्षरं बघून "छपाई चुकली" म्हणून पत्ते परत करायला निघालेले लोक मी पाहिलेत. छपाई बरोबर आहे. ती अदलाबदल क्रोलीने समजून-उमजून केलेली आहे.

डेथचा पत्ता पडला की तोंड पाडू नका. त्यात विंचू, साप आणि गरुड तिघेही आहेत. वृश्चिकेची ही तीन रूपं एकामागून एक बघा, पत्ता काय म्हणतोय ते उलगडतं.

डब्यात मेगसचे (जादूगाराचे) तीन पत्ते निघाले तर घाबरू नका आणि खूशही होऊ नका. हॅरिसने मेगस एकापेक्षा जास्त वेळा रंगवला, आणि काही आवृत्त्यांत ती जादा चित्रंही घातलेली असतात. एक ठेवा, दोन डब्यात परत ठेवा, ७८ मोजा आणि मगच पिसा.