आंब्याची एक चोरी घ्या

देवगडजवळ मी अकरावी-बारावीला समाजशास्त्र शिकवते. माणूस गुन्हा का करतो, हा पाठ मुलं घोकतात आणि परीक्षेनंतर विसरतात. म्हणून मी आधी गावातली एकच चोरी घ्यायला सांगते, आंब्याची.

'वाईट वळणाचा' असं वहीत लिहिलं असेल तर खोडा. त्याऐवजी बाग लिहा. दगडी गडगा कुठे ढासळलाय, राखणदार त्या रात्री कुठे होता, पेटीला भाव काय होता? चोरायला तयार माणूस, हाती लागेल असा माल आणि राखण नसणं, हे तिन्ही एकत्र आलं की गुन्हा घडतो, असं कोहेन आणि फेल्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं.

मग चोरणाऱ्या मुलाच्या घराकडे वळा. गणपतीला मुंबईहून आलेल्या चुलतभावाची बाइक बघून याचंही मन तिकडेच धावतं, पण तिथवर जायची सरळ वाट याला नाही. समाजशास्त्रज्ञ मर्टनने १९३८ मध्ये हीच ओढाताण सांगितली. मात्र 'गरीब म्हणून चोर' असं लिहिलंत तर मी गुण कापते. कर्नाटकातला आंबा देवगड हापूस म्हणून खपवणारा व्यापारी गरीब नसतो. प्रतिष्ठितांच्या गुन्ह्यांकडे सदरलंडने १९३९ मध्येच बोट दाखवलं होतं.

सगळ्यात जास्त वेळ शिक्क्याला द्या. माझा एक विद्यार्थी पंधराव्या वर्षी पिशवीभर आंब्यांसकट सापडला. आंबे परत गेले, पण त्यानंतर वाडीत कोणाचा नारळ हरवला तरी, "तोच असतलो, दुसरो कोण?" झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, घेऊन तो कामाला आला की मालक त्याच्यासमोर पेट्या मोजायला लागायचे. पुढच्या हंगामात त्याला कोणी बोलावलंच नाही. बोलावलं ते रात्री टेम्पो घेऊन फिरणाऱ्यांनी. गुन्हेगार हा लोकांनी मारलेला शिक्का असतो, हे समाजशास्त्रज्ञ बेकरचं १९६३ चं म्हणणं मला त्या पोरामुळे कळलं. इंग्रजांनी १८७१ च्या 'गुन्हेगार जमाती' कायद्याने अख्ख्या जमातींवर असाच शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी संशयाची नजर गेलेली नाही.

म्हणून वहीत शेवटचा रकाना हवाच. सापडल्यानंतर शेजारी, शाळा, मालक त्याच्याशी कसे वागले? विचारायला घरोघर जा, दोन रविवार जातील. आणि नाव कुठेही लिहू नका, 'एक मुलगा' एवढंच. वही वाडीत दहा हातांत जाते.