धबधब्याचे रेशमी पाणी टिपताना

राधानगरीजवळच्या राऊतवाडी धबधब्यासमोर पावसाळ्यात छायाचित्र काढताना पहिली अडचण तुषारांची येते. म्हणून लेन्स पुसण्यासाठी दोन-तीन कोरडी सुती फडकी जवळ असावीत. ट्रायपॉड खडकावर घट्ट बसवून लेन्सचे स्थिरीकरण (हाताचा कंप भरून काढणारी सोय) बंद करावे आणि शटर २ सेकंदांच्या टायमरवर सोडावे.

पाणी रेशमी दिसण्यासाठी शटर जास्त वेळ उघडे राहावे लागते. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) १०० आणि छिद्र (लेन्समधून प्रकाश आत येण्याची वाट) एफ/११ ठेवल्यावर ढगाळ उजेडात शटरचा वेग १/६० सेकंद येत असेल, तर सहा स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश अडवणारी गडद काच; एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) लावताच तो सुमारे १ सेकंदावर उतरतो. फिल्टरचा खर्च वाचवण्यासाठी छिद्र एफ/२२ पर्यंत लहान करू नये, कारण विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, चित्राची स्पष्टता घटते. ओल्या काळ्या खडकावरची चकाकी पोलरायझर या परावर्तित प्रकाश गाळणाऱ्या फिल्टरने कमी होते, आणि तो प्रकाशही एक-दोन स्टॉपने घटवतो.

मात्र शटर जितका जास्त वेळ उघडे तितके चित्र चांगले, हा समज खरा नाही. बर्कीच्या धबधब्याला भरपूर पाणी असताना १/४ ते १/२ सेकंदात धारांचे पदर वेगळे दिसतात. ४ सेकंदांत त्यांचा नुसता कापूस होतो. पांढरा भाग जळत (तपशील हरवून कोरा दिसत) असल्यास एक्स्पोजर (चित्राला मिळणारा एकूण प्रकाश) थोडे कमी करावे.